आजाऱ्याची सेवा आणि सेवाकेंद्राची पारख

(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचा मजकूर)

 

आजच्या मंगलदिनी आम्ही जो विषय घेतला आहे तो ऐकून काहींना वाटेल, की वर्धापनदिन विहाराचा आणि भाषण दवाखान्याचे, हे कसे? पण बंधू-भगिनींनो, आजारी माणसाकडे कोणी बघायचे, हा प्रश्न पहिल्यांदा आपण नाही विचारला. तो तथागतांनी भिक्खू संघाला विचारला होता. तेव्हा हा विषय धम्माचाच आहे.

आधी आपली परिस्थिती बघू. शेवगाव-पाथर्डी हा ऊसतोड कामगारांचा मुलूख. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची गाडी दाराशी लागते. उचल घेतलेली असते, ती फेडायची असते. नवरा-बायकोचा एक कोयता जातो, लेकरं बरोबर जातात, आणि कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत घरात राहतात ती म्हातारी माणसं. ज्यांची पोरं ऊस तोडत नाहीत ती चाकणला, रांजणगावला, वाळूजला कंपनीत आहेत. दहा बाय दहाच्या भाड्याच्या खोलीत राहतात. अशात बापाला लकवा झाला, आईचा खुबा मोडला, तर करायचे काय? पूर्वी वस्तीत चार घरं सोडून पाचव्या घरात कोणीतरी असायचं. आता तेही नसतं.

म्हणून आपल्यातली काही कुटुंबं आता सेवाकेंद्राकडे वळली आहेत. कोणी नगरला, कोणी संभाजीनगरला, कोणी पुण्याला ठेवतात. कोणी त्याला केअर सेंटर म्हणतात, कोणी पुनर्वसन केंद्र, कोणी सरळ वृद्धाश्रम. आणि वस्तीत दोन मतं पडतात. एक मत असं, की आई-बापाला बाहेर ठेवणारा पोरगा नालायक, आणि त्यातही बोल लागतो तो सुनेलाच. दुसरं मत असं, की महिन्याचे पैसे भरतो ना, मग आमची जबाबदारी संपली. आम्हाला ही दोन्ही मतं मान्य नाहीत. ज्या सुनेला पहाटे उसाच्या फडात उभं राहायचंय, तिने पाळीला किती मोळ्या बांधायच्या आणि किती वेळा सासूची कूस बदलायची? तिला नावं ठेवण्यात धम्म नाही. आणि पैसे भरून माणूस विसरून जाणं, यात तर अजिबातच नाही. खरा प्रश्न तिसराच आहे. तिथे आपल्या माणसाची सेवा कशी होते, हे आपल्याला पारखता येतं का?

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. बाबासाहेबांनीही तो 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात घेतला आहे, वर्षावासात आपण तो वाचतो. एका भिक्खूला हगवण लागली होती. तो आपल्याच घाणीत पडून होता. तथागत आणि आनंद विहाराची पाहणी करत तिथे आले. तुझी सेवा कोणी करत नाही का, असं तथागतांनी त्याला विचारलं. त्याने नाही म्हणून सांगितलं. का नाही, असं विचारल्यावर तो जे बोलला ते फार जिव्हारी लागणारं आहे. तो म्हणाला, की मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझ्याकडे बघत नाहीत. मग आनंदाने पाणी आणलं. तथागतांनी पाणी ओतलं, आनंदाने त्याला धुतलं. एकाने डोक्याकडून, एकाने पायाकडून धरून दोघांनी त्याला खाटेवर निजवलं. नंतर संघ बोलावून तथागतांनी समज दिली. तुम्हाला इथे आई नाही, बाप नाही, तुम्हीच एकमेकांना बघितलं नाही तर कोण बघणार? ज्याला माझी सेवा करावीशी वाटते त्याने आजाऱ्याची सेवा करावी, असा त्यांच्या सांगण्याचा अर्थ होता.

तथागत तेवढ्यावर थांबले नाहीत. सेवा करणारा माणूस लायक केव्हा म्हणायचा, याच्या पाच कसोट्या त्यांनी घालून दिल्या. अडीच हजार वर्षं झाली, पण आजच्या केंद्राला लावून बघा, एकही कसोटी जुनी झालेली नाही.

पहिली कसोटी, त्याला औषध तयार करता आणि देता आलं पाहिजे. आजच्या भाषेत म्हणजे काय, तर केंद्रात शिकलेली नर्स आहे का? ती रात्रीपण असते, की रात्री फक्त वॉचमन असतो? डॉक्टर कोणत्या वारी येतात आणि मध्यरात्री दम लागला तर पेशंटला कोणत्या दवाखान्यात नेतात? आपल्या माणसाच्या गोळ्यांचा कागद बघायला मागा. प्रत्येक गोळीपुढे वेळ आणि देणाऱ्याची सही पाहिजे. शुगरची गोळी दिली आणि जेवण दिलं नाही, तर शुगर उतरून माणूस बेशुद्ध पडतो. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. घरी बडबड करणारी आजी तिथे गेल्यावर दिवसभर झोपून राहायला लागली, तर "शांत झाली" म्हणून खूश होऊ नका. तिला झोपेची गोळी चालू केली आहे का, कोणत्या डॉक्टरने आणि कशासाठी, हे विचारा.

दुसरी कसोटी, पथ्य काय आणि अपथ्य काय हे त्याला कळलं पाहिजे, आणि जे सोसतं ते पुढे करून जे सोसत नाही ते दूर ठेवता आलं पाहिजे. यात जेवण आलं, पाणी आलं, अंथरूण आलं. ज्याला स्वतः हलता येत नाही त्याची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते. नाही बदलली तर माकडहाडावर, खुब्यावर, टाचांवर कातडी लाल होते, मग सोलते, मग जखम आत हाडापर्यंत जाते. म्हणून भेटायला गेलात की नुसता चेहरा बघून येऊ नका. चादर बाजूला करून पाठ बघा, टाचा बघा. लाज वाटली तर बाईमाणसाला बाईमाणसाने बघावं. जेवण भरवताना माणसाला बसतं केलंय का, तेही बघा. आडव्या माणसाला भरवलं तर घास श्वासाच्या नळीत जातो आणि छातीत न्यूमोनिया होतो. पाण्याचा तांब्या त्याच्या हाताला लागेल असा ठेवलाय, की दूर खिडकीत? ठेवताना माणसाचं वजन करून लिहून घ्या आणि दर महिन्याला विचारा. ताटात काय वाढतात हे सांगायला तोंड लागतं, पण वजनाचा काटा खोटं बोलत नाही.

तिसरी कसोटी, सेवा मैत्रीभावाने पाहिजे, लोभाने नको. आता केंद्र चालवायला पैसा लागतो, हे आपण कामगार माणसं समजू शकतो. पैसे घेणं हा लोभ नाही. लोभ ओळखायचा तो असा, की दरपत्रक लेखी मिळत नाही, पावती मिळत नाही, डायपरचे पैसे महिन्याला वाढत जातात आणि माणूस मात्र ओल्यात पडलेला असतो. केंद्राची नोंदणी विचारा. ट्रस्ट म्हणून धर्मादाय आयुक्तांकडे नोंद असणं वेगळं आणि आजाऱ्यांना ठेवून सेवा द्यायची नोंद असणं वेगळं. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा आपल्या राज्यात १९४९ पासून आहे. अपंगांच्या संस्थांसाठी २०१६ चा आणि मानसिक रुग्णांच्या संस्थांसाठी २०१७ चा कायदा आहे. तुमच्याकडे कोणतं प्रमाणपत्र आहे, एवढा एक प्रश्न विचारला तरी समोरचा माणूस सरळ बसतो. आणि जमिनीच्या, घराच्या, बँकेच्या कागदावर आजाऱ्याचा अंगठा कोणालाही घेऊ देऊ नका. केंद्रालाही नाही आणि नातलगालाही नाही.

लोभाची दुसरी बाजू कामगारांच्या पगाराची आहे. तिथल्या मावशी आणि मामा कोण असतात? बहुतेक आपल्यासारख्याच घरातली माणसं असतात. एका मावशीकडे रात्री किती पेशंट आहेत, तिला साप्ताहिक सुट्टी आहे का, पगार वेळेवर होतो का, हे आम्ही मुद्दाम विचारतो. तथागतांनी सिगालाला केलेल्या उपदेशात मालकाची कर्तव्यंही सांगितली आहेत. कामगाराला झेपेल एवढं काम द्यावं, पोटाला आणि मजुरी द्यावी, तो आजारी पडला तर त्याच्याकडे बघावं आणि वेळेवर सुट्टी द्यावी. आणि विनयात असंही आहे, की भिक्खू वारला तर त्याचं चीवर आणि पात्र त्याची सेवा करणाऱ्याला द्यावं. म्हणजे सेवा करणाऱ्याचा हक्क तथागतांनी मानला होता. जिथे मावशीला पिळून काढतात, तिथे त्या पिळण्याचा शेवट पेशंटच्या अंगावर होतो.

चौथी कसोटी, मलमूत्र, थुंकी, उलटी काढायची त्याला किळस येता कामा नये. केंद्रात शिरताच नाक काय सांगतं ते ऐका. लघवीचा वास आला तर कळतंच, पण फिनेलचा फारच भपकारा आला तरी समजून घ्या, की काहीतरी झाकलंय. हाक मारल्यावर मावशी किती वेळाने येते ते घड्याळात बघा. आणि आली की तोंडाने काय बोलते ते ऐका. इथे आपल्या लोकांना आणखी एक गोष्ट बघावी लागते. घाण काढायला एका जातीची माणसं आणि स्वयंपाकाला दुसऱ्या जातीची, अशी वाटणी तिथे आहे का? फॉर्म भरताना आडनावावर बोट थांबतं का? एका ठिकाणी आमच्या वस्तीतल्या आजीने उशाशी ठेवलेला बुद्धाचा फोटो पेटीत घालायला लावला होता. बाकीच्यांचे देव भिंतीवर होते. कार्यकर्ते जाऊन बोलले, फोटो परत उशाशी आला. ही बारीक गोष्ट नाही. त्या बाईजवळ स्वतःचं म्हणून तेवढंच उरलं होतं.

किळस न करता सेवा करणारी माणसं आपल्याच मातीत झाली. १८९७ साली पुण्यात प्लेग आला तेव्हा माता सावित्रीबाई प्लेगच्या रोग्यांना उचलून यशवंतरावांच्या दवाखान्यात नेत होत्या. त्यातच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्यांचं निर्वाण झालं. आजचं बघायचं तर आपल्याच जिल्ह्यात नगरजवळ शिंगवे इथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे हे दांपत्य रस्त्यावर सोडलेल्या मनोरुग्ण स्त्रियांना आणून सांभाळतं. ज्यांच्या जवळून लोक नाक धरून जातात त्या बायांना ते घरात घेतात. तेव्हा असं काम होऊच शकत नाही, हे आम्हाला कोणी सांगू नये.

पाचवी कसोटी, धम्माचे दोन शब्द बोलून आजाऱ्याला वेळोवेळी धीर आणि उभारी देता आली पाहिजे. पुनर्वसन हा शब्द पाटीवर लिहायला सोपा आहे. लकवा झालेल्या माणसाला पहिल्या काही महिन्यांत व्यायामाचा गुण जास्त येतो. तिथे फिजिओथेरपीवाला खरंच येतो का, आठवड्यातून किती वेळा, आणि तो गेल्यावर मावशी तोच व्यायाम करून घेते का? ज्याला हाताने जेवता येतं त्याला वेळ वाचवायला भरवतात का? ज्याला धरून संडासला नेता येतं त्याला सोय म्हणून डायपर बांधतात का? असं दोन महिने केलं की होतं ते बळही जातं. बाबा आमट्यांनी १९५१ साली वरोऱ्याला आनंदवन सुरू केलं, तिथे कुष्ठरोग्यांनीच विहिरी खणल्या, शेती केली, घरं बांधली. बोटं झडलेल्या माणसाच्या हाताला काम देता येतं, तर आपल्या आजोबांना शेंगा निवडायला, पेपर वाचून दाखवायला का देता येऊ नये? आम्ही बघितलेल्या केंद्रांत एक साधं पत्र्याचं केंद्र होतं. दिखाऊ काही नव्हतं. पण तिथल्या मावशीला प्रत्येकाची खोड माहीत होती. कोण डाव्या हाताने जेवतं, कोणाला दिवा घालवला की भीती वाटते, कोणाचा मुलगा वारलाय आणि ते नाव काढायचं नाही. गुळगुळीत फरशीच्या केंद्रात आम्हाला ते सापडलं नव्हतं.

या पाच कसोट्यांना आजच्या काळात एक सहावी जोडावी लागते, ती दाराची. आग लागली तर पेशंट बाहेर कसा काढणार? ६ नोव्हेंबर २०२१ ला आपल्याच नगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागली आणि त्या दिवशी ११ रुग्ण दगावले. ६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूत एरवाडी इथे मनोरुग्णांच्या झोपडीवजा केंद्राला आग लागली. रुग्ण साखळदंडाने बांधलेले होते, पळताच आलं नाही. २८ जण गेले. म्हणून दुसरं दार कुठे आहे, रात्री कुलूप कोणाकडे असतं, न चालणारे पेशंट तळमजल्यावर आहेत का, हे डोळ्यांनी बघा. मानसिक आरोग्याच्या २०१७ च्या कायद्याने साखळीने बांधायला बंदी केली आहे. कोणाचे हात पलंगाला बांधलेले दिसले तर का, कोणाच्या सांगण्यावरून आणि किती वेळ, याची नोंद मागा.

आता हे बघायचं कधी? आमची हयात जिनिंगमध्ये गेली. तपासणीला साहेब येणार हे मालकाला आधी कळायचं. त्या दिवशी तोंडाला बांधायचे मास्क कपाटातून निघायचे, रेच्यांच्या पट्ट्यांवर जाळ्या बसायच्या, आवार झाडलं जायचं. साहेब गेले की मास्क परत कपाटात. म्हणून आम्ही सांगतो, फोन करून रविवारी सकाळी जाऊ नका. आडवारी जा, संध्याकाळच्या जेवणाला जा. भेटीची ठरलेली वेळ सोडून आत सोडत नसतील तर कारण विचारा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपल्या माणसापाशी बसून झालं की त्या पेशंटपाशी पाच मिनिटं बसा ज्याला भेटायला कोणी येत नाही. त्याची नखं बघा, त्याची चादर बघा, त्याचे ओठ सुकलेत का बघा. पैसे भरणाऱ्याच्या आईला सगळेच नीट ठेवतात. जो कोणाच्या उपयोगी नाही आणि ज्याची विचारपूस नाही, त्याला केंद्र कसं ठेवतं, त्यावरून केंद्राची किंमत कळते. तो हगवणीचा भिक्खू तिथेच कुठेतरी कोपऱ्यातल्या खाटेवर असतो.

तथागतांनी आजाऱ्यालाही पाच गोष्टी सांगितल्या आहेत. पथ्य पाळावं, प्रमाण ओळखावं, औषध घ्यावं, दुखणं खरं सांगावं आणि वेदना सोसायची ताकद ठेवावी. यातली "खरं सांगावं" ही गोष्ट कुटुंबालाही लागू आहे. फिट येते, दारूची सवय होती, रात्री उठून चालायला लागतात, हे लाजेपोटी लपवू नका. ठेवतानाच सांगा. केंद्राची पारख करायची तर आपणही सरळ पाहिजे.

थोडं कायद्याचं बोलतो. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. पोटगीसाठी प्रांतसाहेबांच्या न्यायाधिकरणाकडे साध्या कागदावर अर्ज करता येतो, वकील लागत नाही, आणि दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाह मिळू शकतो. सेवा करण्याच्या अटीवर घर-जमीन नावावर करून दिली आणि सेवा केली नाही, तर ते हस्तांतरण रद्द होऊ शकतं. मात्र ती अट कागदात लिहून घ्या. म्हाताऱ्या माणसाला टाकून देणाऱ्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड आहे. याच कायद्यात जिल्ह्याला निदान एक, दीडशे निराधारांचा वृद्धाश्रम असं लिहिलं आहे, पण "सरकारने काढलाच पाहिजे" असं न म्हणता "काढू शकेल" असं म्हटलं आहे. हा एक शब्द बदलून घेणं हे चळवळीचं काम आहे. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षांवरच्या सर्वांना आयुष्मान भारतचं कार्ड मिळतं. ते दवाखान्यात भरती झाल्यावर चालतं, सेवाकेंद्राच्या महिन्याच्या पैशाला चालत नाही, हे समजून घ्या. तक्रारीसाठी, सल्ल्यासाठी १४५६७ हा ज्येष्ठांच्या मदतीचा फोन नंबर आहे, तो घरातल्या पोरांना पाठ करायला सांगा.

शेवटी विहारापुढे आम्ही एक सूचना ठेवतो. आपल्या वस्तीतलं कोण कोणत्या केंद्रात आहे, याची एक वही विहारात ठेवावी. दर पंधरा दिवसांनी दोघांनी, त्यात एक बाई असावी, पाळीपाळीने जाऊन यावं. मुलगा फडात असेल, कंपनीत असेल, तरी विहार जाऊन येईल. पाठ बघितली, टाचा बघितल्या, वजन विचारलं, शेजारच्या एकट्या पेशंटशी बोललो, एवढं वहीत लिहावं. काही कमी दिसलं तर आधी केंद्राशी सभ्यपणे बोलावं, नाही ऐकलं तर लेखी अर्ज करावा. जाताना पाच केळी आणि आजचा पेपर न्यावा. आणि जी माणसं घरातच खाटेवर आहेत, ज्यांची सून एकटी सगळं करते, त्या घरीही पाळी लावावी. तिला दोन तास मोकळं करणं हीसुद्धा आजाऱ्याचीच सेवा आहे.

वंदना आपण रोज घेतो. पण तथागतांनी आपली सेवा कुठे करायची ते स्वतःच सांगून ठेवलं आहे. त्या पत्त्यावर आपण गेलं पाहिजे. पुढच्या पौर्णिमेला वही सुरू व्हावी आणि पहिल्या पाळीला आमचं नाव लिहावं, एवढी विनंती करून आम्ही आमचे दोन शब्द संपवतो.

सर्वांचे मंगल होवो. जयभीम! नमो बुद्धाय!